कापलाय ना, मग आणखी कसला?

प्रत्येक मराठी घराण्यात कधीकाळी बी.कॉम. झालेला एक माणूस असतो. पुढे त्याने पोटापाण्यासाठी काय केलं, याच्याशी नातेवाइकांना कर्तव्य नसतं. तो औषधं विकत असेल, शाळेत भूगोल शिकवत असेल, नाहीतर माझ्यासारखा पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात असेल. जुलै लागला की तो ‘आपला सीए’ होतो. खऱ्या सीएला फी द्यावी लागते. आपल्या सीएला चहा पुरतो, आणि तोही त्याने स्वतःच्याच घरी करून सगळ्यांना पाजायचा असतो, कारण मंडळी त्याच्याकडे येतात. येताना हातात प्लास्टिकची पिशवी असते. पिशवीत फॉर्म सोळा, दोन बँकांची पासबुकं, विजेचं एक जुनं बिल आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. हे सगळं आपल्यापुढे ओतून माणूस निवांत मागे टेकतो आणि विचारतो, “रिफंड किती येईल?”

येणार नाही, उलट भरावे लागणार आहेत, असं सांगितलं की तो टेकलेला माणूस ताठ होतो. मग दरवर्षीचं ते वाक्य येतं: “कापलाय ना, मग आणखी कसला?”

या वाक्यामागची श्रद्धा फार खोल आहे. एकदा केस कापून खुर्चीतून उठलं की न्हावी कात्री घेऊन घरापर्यंत मागे येत नाही, तसंच सरकारचंही असावं, असं आपल्या लोकांना मनापासून वाटतं. टीडीएसचं तत्त्व साधं आहे. ज्याच्या हातून पैसे सुटतात, त्यानेच सरकारचा वाटा आधी बाजूला काढायचा. पण कापणाऱ्या प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसतं. कंपनीला बँकेतलं व्याज दिसत नाही. बँकेला पगार दिसत नाही. या बँकेला त्या बँकेतली ठेव दिसत नाही. प्रत्येकजण असं धरून चालतो की या माणसाच्या आयुष्यात माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. सगळी बेरीज एकाच ठिकाणी होते, ती जुलैत, माझ्या डायनिंग टेबलावर.

माझ्या भाच्याचं उदाहरण घ्या. तो हिंजवडीत एका कंपनीत होता. २०२५ च्या १ ऑक्टोबरला त्याने नोकरी बदलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या कंपनीत गेला. जुन्या कंपनीत महिना दीड लाख पगार. तिने रीतसर वर्षाचे अठरा लाख धरले, ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, नव्या करपद्धतीनुसार चार टक्के उपकरासकट वर्षाचा कर काढला १,५०,८०० रुपये, आणि सहा महिन्यांत त्यातला निम्मा, म्हणजे ७५,४०० कापला. इथपर्यंत सगळं सरळ. नव्या कंपनीत पगार महिना दोन लाख. मार्चपर्यंत सहा महिन्यांचे झाले बारा लाख. या कंपनीच्या लेखी हा मुलगा १ ऑक्टोबरलाच जन्माला आला होता. तिने बारा लाखांतून पुन्हा ७५,००० वजा केले, उरले सव्वाअकरा लाख. आणि नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत तर करच नाही. कंपनीने एक रुपया कापला नाही.

डिसेंबरात एका लग्नाच्या पंगतीत तो माझ्या शेजारी होता. “मामा, ही कंपनी एकदम भारी आहे. टॅक्सच कापत नाही.” जणू कर कापणं हा कँटीनच्या जेवणासारखा कंपनीच्या दर्जाचा प्रश्न होता. मी विचारलं, “जुन्या पगाराचं त्यांना कळवलंस का? त्यासाठी बारा-बी नावाचा फॉर्म असतो.” तो म्हणाला, “वेडा आहेस का? जुना पगार कळला असता तर एवढी वाढ दिली असती का त्यांनी?” मग त्याने जिलबी वाढणाऱ्याला हाक मारली आणि विषय संपला. हातात पडणाऱ्या पूर्ण दोन लाखांकडे बघून त्याने जानेवारीत गाडी बुक केली.

जुलैत बेरीज झाली. एकवीस लाखांतून ७५,००० एकदाच वजा होतात, माणूस दोन कंपन्यांत राबला म्हणून दोनदा नाही. उरले २०,२५,०००. कर २,१४,५००. त्यातून जुन्या कंपनीने कापलेले ७५,४०० गेले. बाकी १,३९,१००. शिवाय वर्षभरात आगाऊ कर भरला नाही म्हणून व्याज, ते साडेबारा हजारांच्या आसपास. सगळं मिळून दीड लाखाच्या वर. मी आकडा मोठ्याने वाचला.

“मामा, पेज रिफ्रेश कर.”

केलं. आकडा तोच.

“सर्व्हर डाऊन असेल.”

मी म्हटलं, बाबा रे, सर्व्हर डाऊन असला की आकडा दिसत नाही, वाढत नाही. एवढ्यात माझी ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचं निदान वेगळं होतं. “तू भरतोस म्हणून जास्त येतो का रे? आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचा सीए नील करून देतो.” नील करून देणारा हा सीए महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर असतो. त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

हे दुखणं जुनं आहे. हिंदुस्थानात आयकर आणला जेम्स विल्सन यांनी. १८५७ च्या उठावात रिकामी झालेली तिजोरी त्यांना भरायची होती. कायद्याला मंजुरी मिळाली २४ जुलै १८६० रोजी, आणि विल्सनसाहेब ११ ऑगस्टला कलकत्त्यात आमांशाने वारले. कर लावून तीन आठवड्यांत माणूस गेला, पण कर काही गेला नाही. २४ जुलै हा आयकर दिन म्हणून पाळतात. रिटर्नच्या ३१ जुलैच्या मुदतीला तेव्हा बरोबर एक आठवडा उरलेला असतो, त्यामुळे आमच्या घरी तो मुद्दाम साजरा करावा लागत नाही.

पगारातून परस्पर कापायच्या युक्तीची खरी गंमत अमेरिकेत झाली. दुसऱ्या महायुद्धाचा खर्च भागेना म्हणून तिथे १९४३ साली ही पद्धत आणली. ती बसवणाऱ्या सरकारी मंडळींत मिल्टन फ्रीडमन नावाचे एक तरुण अर्थतज्ज्ञ होते. सरकारने लोकांच्या खिशात कमीत कमी हात घालावा म्हणून पुढे आयुष्यभर भांडले आणि १९७६ साली नोबेल मिळवलं, तेच हे. पगारातून कर कापायला आपणच हातभार लावला, याबद्दल बायकोने, म्हणजे रोझबाईंनी, आपल्याला अनेकदा ऐकवलं, असं त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या स्वतःही अर्थतज्ज्ञ होत्या, त्यामुळे ‘तुला त्यातलं काय कळतं’ हे उत्तर त्यांना देता येत नव्हतं.

आणि तिकडेही दुखणं हेच. न्यू जर्सीत एडिसनला माझी चुलतबहीण आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, रिटर्न मात्र जोडीने. डब्ल्यू-फोर नावाच्या फॉर्मवर ‘घरात दोन नोकऱ्या आहेत’ असा एक चौकोन असतो. त्यात खूण केली नाही, तर दोन्ही कंपन्या आपल्यालाच घरचा एकमेव कमावता सापडला असं समजून जोडप्याची पूर्ण सवलत आपापल्या परीने देऊन टाकतात. १५ एप्रिलला ती सवलत परत करावी लागते. गेल्या वर्षी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की चौकोन रिकामा राहिला होता.

करावरून फारच कुरकुर सुरू झाली की मी आमच्या मंडळींना यशवंतराव चव्हाणांची आठवण करून देतो. ते अर्थमंत्री असताना, १९७३-७४ साली, आयकराचा सर्वोच्च दर ८५ टक्के होता आणि त्यावर १५ टक्के अधिभार. हिशेब होतो ९७.७५ टक्के. म्हणजे वरच्या टप्प्यातले शंभर रुपये मिळवले की घरी यायचे सव्वादोन. पुढच्याच वर्षी यशवंतरावांनीच तो अधिभारासकट ७७ वर आणला. त्या ९७.७५ च्या टप्प्यात आमच्या घराण्यातलं कुणीही कधी नव्हतं. तरी हा आकडा सांगितल्यावर माझे सासरे जणू स्वतःच्याच खिशातून गेल्यासारखे हळहळतात.

सासऱ्यांचा प्रश्न भाच्याच्या बरोबर उलटा आहे. ते निवृत्त प्राध्यापक. पेन्शन वर्षाला दहा लाख, आणि आयुष्यभराची पुंजी चार बँकांत. चारच का, याला कारण आहे. ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेकडून वर्षाला एक लाखापर्यंत व्याज मिळालं तर बँक कर कापत नाही. हे त्यांनी पेपरात वाचलं आणि कागद-पेन्सिल घेऊन असा हिशेब बसवला की प्रत्येक बँकेत व्याज ९५,००० च व्हावं. या चार ठेवींच्या आखणीला त्यांनी जितका वेळ दिला, तितका लेकीच्या लग्नालाही दिला नव्हता. मी जावई असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

“जावईबापू, आमचं सोपं आहे,” ते म्हणाले. “कुठल्याच बँकेने काही कापलेलं नाही.”

“म्हणूनच भरायचाय, बाबा.”

पेन्शनमधून ७५,००० वजा होऊन उरतात ९,२५,०००. तेवढ्यावर कर शून्य, म्हणून पेन्शन देणाऱ्यांनी काही कापलं नाही. चार बँकांचं व्याज ३,८०,०००, ते प्रत्येकी लाखाच्या आत, म्हणून त्यांनीही काही कापलं नाही. बेरीज मात्र १३,०५,०००, आणि बारा लाखांची रेघ ओलांडली की सूट जाते, कर चार लाखांपासून मोजत येतो. उपकरासकट ७८,७८० रुपये. कापायचं नाही आणि लागायचं नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांना वेगवेगळ्या प्रकारे समजावून पाहिलं. चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना जे त्यांनी केलं, तेच त्यांनी मला केलं: शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पुन्हा तपासून आणा.” ज्येष्ठांना, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे व्याज तरी लागलं नाही, ही एवढीच गोड बातमी माझ्याकडे होती. ती देऊन मी चहा टाकायला उठलो.

बँक कापते तिथेही समाधान मानायला जागा नाही. बँक साधारण दहा टक्के कापते. माणूस तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उरलेले वीस त्याने स्वतः भरायचे असतात. पण दहा कापल्याचा कागद हातात आला की उरलेल्या विसांचा विचार करणं लोकांना कृतघ्नपणा वाटतो.

आता मुख्य संकट. नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खात्याच्या पोर्टलवर एआयएस नावाचा एक प्रकार सुरू झाला. वर्षभरात तुमच्या पॅनवर कुठे काय जमा झालं, काय विकलं, किती लाभांश आला, बचत खात्यावर किती व्याज मिळालं, सगळं एका कागदावर. खात्याने हे करचुकव्यांसाठी केलं असेल. प्रत्यक्षात त्याचा दणका बसला तो सुखी संसारांना.

माझी मावशी आणि काका दोघं मिळूनच येतात. काका लॅपटॉपच्या बाजूला खुर्ची ओढून बसतात, कारण त्यांना ‘सगळं डोळ्यांदेखत’ झालेलं आवडतं. मावशीचा ओटीपी आला, तिने चष्मा शोधून वाचला, मी आत गेलो, एआयएस उघडलं. पहिल्या ओळीत पोस्टाची ठेव. ती काकांना माहीत होती. दुसऱ्या ओळीत एका बँकेकडून व्याज, ३८,४०० रुपये.

काका पुढे झुकले. “ही कुठली?”

“कुठली काय, बँकेची,” मावशी म्हणाली.

“आपलं त्या बँकेत खातं नाही.”

“तुमचं नाही.”

मी स्क्रीनवर काहीतरी फार बारकाईने वाचत असल्याचं नाटक केलं. ३८,४०० व्याज म्हणजे मुद्दल साडेपाच लाखांच्या घरात. काका पूर्वी एसटीत हिशेब खात्यात होते. त्यांनी तो आकडा मनातल्या मनात काढलेला मला त्यांच्या भुवयांवरून दिसला. “एवढे आले कुठून?” मावशीने आवाज न चढवता सांगितलं, “तुम्ही दर महिन्याला द्यायचात आणि सगळे संपले का विचारायचात. मी हो म्हणायचे.” तीस वर्षांचं एक ‘हो’ माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं. काका काही बोलणार, एवढ्यात मावशी माझ्याकडे वळली. “झालं माझं? आता यांचं उघड.”

काका म्हणाले, “माझं पुढच्या रविवारी करू.”

ते अजून झालेलं नाही. काकांचं शेअर बाजारात काय चाललं होतं याचा अंदाज मला आहे, पण आपल्या सीएलाही गोपनीयतेची काही बंधनं असतात.

कुटुंबाविषयी आयकर कायद्याची मतं आपल्या आजीच्या मतांच्या फार जवळची आहेत. नवऱ्याने बायकोच्या नावावर पैसे ठेवले तर त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. देऊन टाकले म्हणता, पण घरातच आहेत ना. सासू-सासऱ्यांनी सुनेच्या नावावर ठेव केली, तरी व्याज देणाऱ्याच्याच माथी. जावयाच्या नावावर केली तर मात्र ते जावयाचं. म्हणजे सून घरातली आणि जावई पाहुणा, हे कायद्यानेही मान्य केलं आहे. हा नियम मी सासऱ्यांच्या कानावर मुद्दाम घातला. त्यांनी विषय बदलला.

अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज आई आणि वडील यांच्यात ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात जातं. आमच्या एका नात्यातल्या जोडप्यात हे कुणाच्या खात्यात घ्यायचं असं मी निरागसपणे विचारलं, आणि दोघांत कोण जास्त कमावतं ही त्या घरात आजवर कुणी मोठ्याने न बोललेली गोष्ट माझ्यासमोर ठरवावी लागली. ती जास्त कमावत होती. नवरा म्हणाला, “बोनस धरून.” मुलाने स्वतःच्या कलागुणांवर मिळवलेले पैसे मात्र त्याचेच धरतात. तेव्हा पोरगं टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत चमकलं तर त्याचं रिटर्न वेगळं भरावं लागेल, पण त्याच्या नावावरच्या ठेवीचं व्याज तुमच्याच अंगावर.

जुलैचं हे झालं. कंपनीत मात्र रडारड होते जानेवारीत. जुनी करपद्धत धरून बसलेले लोक आमच्याकडे अजून बरेच आहेत, विशेषतः गृहकर्जवाले. एप्रिलमध्ये त्यांच्याकडून एक घोषणापत्र भरून घेतात: यंदा काय काय गुंतवणूक करणार. एप्रिल हा महिना संकल्पांचा. पाडवा नुकताच झालेला असतो. माणूस ८० सी मध्ये पूर्ण दीड लाख लिहितो, घरभाडं महिना पंधरा हजार लिहितो, आणि ते खरं धरून पगारखातं वर्षभर कमी कर कापतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मेल येते: पुरावे जमा करा.

आमच्या शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी आईच्याच घरात राहतो आणि भाडं आईला देतो असं त्याने लिहिलं होतं. त्यात बेकायदा काही नाही, मात्र भाडं खरोखर दिलं पाहिजे आणि आईने ते आपल्या उत्पन्नात दाखवलं पाहिजे. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो. तो पावत्यांचं पुस्तक आणि रेव्हेन्यू स्टॅम्प घेऊन आईकडे सहीला गेला. आईने विचारलं, “हे पंधरा हजार तू मला कधी दिलेस?” त्याने सांगितलं की ते कागदावरचे आहेत. आई म्हणाली, “मग सहीही कागदावरचीच समज,” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

८० सी चे पैसे तर गणपतीतच कोकणात खर्च झालेले होते. ते दीड लाख आणि भाड्यावरची सूट, दोन्ही पुराव्यावाचून पडले. तो वरच्या टप्प्यात. उपकरासह ३१.२ टक्क्यांनी कर झाला, आणि तो जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन पगारांत कापायचा. फेब्रुवारीत त्याने घरून डबा आणायला सुरुवात केली. डबा आईच करून द्यायची, त्यामुळे तिचं भाडं थकलं असलं तरी भाडेकरूशी संबंध चांगले आहेत असं आम्ही मानलं. मार्चमध्ये त्याने कुणाच्याही वाढदिवसाची वर्गणी दिली नाही.

या प्रकाराला कंटाळून बहुतेकांनी नवी पद्धत घेतली. २०२३-२४ पासून तर आपण काही सांगितलं नाही तर तीच लागू होते. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत कर नाही असं जाहीर झालं, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फटाक्यांची चित्रं आली. बातमीखालची बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत. खालच्या मजल्यावरचा मुलगा नऊ लाख कमावतो. त्याने शेअरमध्ये सहा महिन्यांत उलाढाल करून एक लाख नफा मिळवला. दोन्ही मिळून दहाच लाख होतात, तेव्हा तो निर्धास्त. पण अल्पमुदतीच्या या नफ्यावर वीस टक्के वेगळे लागतात आणि त्यांना ती सूट नाही. २०,८०० रुपये. “पण अर्थमंत्री बारा लाख म्हणाल्या होत्या,” तो मला म्हणाला. हे त्याने अशा सुरात म्हटलं की जणू माझ्यासमोर म्हणाल्या होत्या आणि मी आता साक्ष फिरवतोय.

रिफंड येतो तेव्हा मात्र कुणी हिशेब विचारत नाही. स्वतःचेच पैसे वर्षभर सरकारकडे पडून परत येतात आणि घरात श्रीखंड येतं. एक मेहुणा तर कंपनीला सांगून मुद्दाम जास्त कापून घेतो. ती त्याची भिशी आहे. खातं रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, आपल्याकडून उशिराचं घेतं तेव्हा एक टक्का. गावाकडे असा व्यवहार करणाऱ्याला लोक काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. शिवाय त्या अर्ध्या टक्क्याच्या व्याजावरही पुढच्या वर्षी कर असतो.

रिटर्न भरल्यावर काही दिवसांनी खात्याकडून मेल येते, तिच्या विषयात १४३(१) असा आकडा असतो. तो वाचून माणसं रात्री साडेदहाला फोन करतात. बहुतेक वेळा त्यात ‘तुमचा आणि आमचा हिशेब जुळला’ एवढंच असतं. पण ते वाचायला फाइल उघडावी लागते, आणि तिचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख. आमच्या घराण्यातल्या साठीपुढच्या निम्म्या लोकांची फाइल पहिल्या खेपेला उघडत नाही. गावच्या शाळेत मास्तरांनी दाखल करताना सरसकट १ जून लावून दिली होती. आत्याचा वाढदिवस घरी करतात तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ती हट्टाने तीच तारीख सांगते. सरकारच्या लेखी ती १ जूनलाच जन्मली आहे, आणि फाइल १ जूनलाच उघडते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. भाषा सोपी केली आहे, मागील वर्ष (प्रीव्हियस इयर) आणि आकारणी वर्ष ही जुनी जोडगोळी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं आहे. कापण्याची पद्धत मात्र तीच आहे, आणि बेरीज करायची जबाबदारी पूर्वीसारखी तुमचीच.

तेव्हा आमच्या आणि तुमच्याही नातेवाइकांना थोडं सांगायचं आहे. नोकरी बदललीत तर जुन्या पगाराचा कागद नव्या कंपनीला द्या. पगारवाढ पदरात पडल्यावर द्या हवं तर, पण द्या. सगळ्या बँकांच्या व्याजाची बेरीज फेब्रुवारीतच करा. वर्षाचा कर कापून झाल्यावरही दहा हजार किंवा त्याहून जास्त बाकी राहणार असेल तर तो १५ मार्चच्या आत भरून टाका. एआयएस आधी एकट्याने उघडून बघा, जोडीदाराला नंतर बोलवा. आणि रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ओटीपीने त्याची पडताळणी झाली नाही, तर ते भरलंच नाही असं धरतात. ओटीपी कुणालाही देऊ नका हे बँका सांगतात ते खरंच आहे. फक्त जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी फोन करून मागितला, तर चोर समजून फोन ठेवू नका.